मकाव : दूरच्या नातलगाकडे तीन दिवस

माझा भाचा मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर पत्ते वाटतो. 'डीलर' म्हणतात त्या कामाला. संध्याकाळी काळं जाकीट चढवून तो पणजीच्या धक्क्यावरून छोट्या होडीत बसतो आणि लोक दूध आणायला बाहेर पडतात तेव्हा घरी परततो. मी मकावला जायचं ठरवलंय हे कळल्यावर तो जेवता जेवता थांबला नि हसत म्हणाला, "मामा, थंय वचून तूं खेळटलो?"

त्याच्या हसण्यामागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी या बोटी मांडवीतून हलवा म्हणून मेणबत्त्या घेऊन धक्क्यावर उभे राहिलेल्यांत मीही होतो. आणि आज माझ्या धाकट्या बहिणीचं घर याच बोटीच्या पगारावर चालतं. तिचे यजमान खाणीवरच्या ट्रकांचे हिशेब लिहायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबल्या. त्या सहा वर्षांत ट्रक गेले, हिशेब गेले. मुलगा बी.कॉम.चं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून बोटीवर गेला. घरात या विषयावर कोणी बोलत नाही. चतुर्थीला सगळे जमलो की "सध्या काय करतोस?" हा प्रश्न त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारला जातो.

तेव्हा जुगारावर जगणारं शहर कसं असतं, हे एकदा डोळ्यांनी बघावं असं मनात होतं. लास वेगास माझ्या खिशाबाहेरचं. आणि खरं सांगायचं तर वेगासशी आपलं नातं काय? वाळवंटात वसवलेलं ते शहर. मकावशी मात्र आपलं नातं आहे, चांगलं तीनशे वर्षांचं. आपण ते विसरलो, एवढंच.

जाण्याआधी मी वहीत चार रकाने आखले : खोली, जेवण, बस, आणि चौथा भाच्याच्या आग्रहावरून 'खेळ'. चौथ्या रकान्यात त्यानंच शंभर पटाका लिहिले. पटाका हे मकावचं चलन. २०२३ च्या नोव्हेंबरात मी गेलो तेव्हा एक पटाका म्हणजे साधारण दहा रुपये धरायचे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हाँगकाँगचे डॉलर मकावमध्ये सगळीकडे चालतात, पण दुकानदार ते पटाकाच्या बरोबरीनं धरतो. ठरलेला भाव मात्र शंभर डॉलरला एकशे तीन पटाका. म्हणजे दर शंभरामागे तीन पटाका तुमच्या नकळत जातात. तीनशे डॉलरची उलाढाल करणाऱ्याला फरक पडत नसेल, मला पडतो.

दुसरी गोष्ट खोलीची. शुक्रवार-शनिवारी चीनमधून माणसांचे लोंढे येतात आणि त्याच खोलीचा भाव दुपटीवर जातो. मी मंगळवारी उतरलो नि शुक्रवारी सकाळी निघालो. बंदराजवळच्या जुन्या वस्तीत एक गेस्टहाउस मिळालं. खोली आमच्या देवघरापेक्षा थोडी मोठी, खिडकी उघडली की समोरच्याची वाळत घातलेली चादर हाताला लागे. पण स्वच्छ होती. हाँगकाँगहून यायला आगबोट आहे, आणि २०१८ साली सुरू झालेल्या समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून बसही आहे. बस स्वस्त. शिवाय मकावमध्ये उतरल्यावर कॅसिनोंच्या मोठमोठ्या गाड्या धक्क्यांवर, सीमेवर उभ्या असतात आणि कोणालाही फुकट घेऊन जातात. तुम्ही खेळणार की नाही, हे कोणी विचारत नाही. मी तीन दिवस या गाड्यांतून बेशरमपणे फिरलो. उरलेलं पायी. अख्खा मकाव तेहतीस चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा भाग समुद्र बुजवून केलेला. आपला एखादा लहानसा तालुकाही याहून मोठा भरेल.

आता नात्याची गोष्ट.

पोर्तुगीज मकावमध्ये १५५७ साली स्थिरावले. तेव्हा त्यांच्या पूर्वेकडच्या साऱ्या राज्याची राजधानी गोवा होती. 'एस्तादो द इंडिया' या नावाखाली मोझांबिकपासून मकावपर्यंतची ठाणी येत आणि त्यांचे हुकूम आपल्या जुन्या गोव्यातून सुटत. १५७६ साली मकावला बिशप मिळाला तोही गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालचा. दर वर्षी एक मोठं जहाज गोव्याहून निघे, मलाक्का करत मकावला जाई, तिथून चिनी रेशीम भरून जपानच्या नागासाकीला. तिथे रेशीम देऊन रुपं घ्यायचं आणि तीच वाट उलटी धरायची. या एका वाटेवर मकाव गबर झालं. तिथल्या किल्ल्यांवर तोफा ओतल्या त्या मानुएल तावारिश बोकारो यानं. हे घराणं गोव्याच्या तोफखान्यातलं. बाप गोव्यात तोफा ओतायचा, मुलानं मकावमध्ये भट्टी घातली.

मग १६३९ साली जपाननं पोर्तुगिजांना दार बंद केलं. दोन वर्षांनी डचांनी मलाक्का घेतलं. मधली कडी तुटली. जुनं गोवं ओस पडत गेलं त्याची कारणं आपण शाळेत शिकलो : रोगराई, डचांचे वेढे. मकावची घसरणही त्याच काळातली. दोन्ही शहरं एकाच दोरीला बांधलेली होती, दोरी तुटल्यावर दोन्ही खाली आली.

सेंट पॉलच्या भग्न चर्चसमोर उभं राहिलं की हे फार जाणवतं. मकावचं हे सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण. दगडी पायऱ्या चढून गेलं की एक उंच, कोरीव दर्शनी भिंत, आणि भिंतीमागे आभाळ! बाकीचं चर्च १८३५ साली आगीत गेलं. मला आठवला आपल्या जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा. तोही असाच एकटा. तिथले पाद्री मठ सोडून गेले तेही १८३५ सालीच, आणि सात वर्षांनी छप्पर कोसळलं. एका वर्षाचे दोन घाव. फरक एवढाच की मकावच्या भिंतीसमोर माणसांना उभं राहायला जागा नसते, आणि आमच्या मनोऱ्याजवळ पावसाळ्यात गेलं तर एखादी म्हैस भेटते.

आणखी एक नातं सेंट जोझेफ सेमिनरीच्या चर्चमध्ये आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ साली मकावच्या नैऋत्येला असलेल्या सांशान बेटावर वारला. त्याचं शव आपल्या बॉम जेझूत आहे हे सर्वांना ठाऊक. पण उजवा हात गोव्यात नाही. त्याचा खालचा भाग १६१४ साली रोमला नेला, आणि दंडाचं एक हाड मकावला गेलं. ते या चर्चमध्ये काचेआड ठेवलंय. मी पोचलो तेव्हा तिथे एक म्हातारी चिनी बाई एकटी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी हात जोडले. ती काय समजली असेल ती असो.

ही सगळी ठिकाणं फुकट आहेत, हे वहीत मी दोनदा लिहिलं. २००५ साली युनेस्कोनं मकावचा जुना भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. माता आ-मा या दर्यादेवीच्या देवळापासून निघायचं (मकाव हे नावही याच देवीवरून पडलं असं सांगतात) आणि काळ्या-पांढऱ्या दगडांच्या फरसबंदीवरून चालत सेंट पॉलपर्यंत यायचं. वाटेत देवळं, चर्चं, चौक. रस्त्यांची नावं निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर, वर चिनी आणि खाली पोर्तुगीज. क्षणभर मला आपल्या फोंतेंयन्शमध्येच असल्यासारखं वाटलं.

आ-माच्या देवळाच्या अलीकडेच चढणीवर एक पिवळी, कमानींची, ऐसपैस व्हरांड्याची इमारत लागते. पाटीवर नाव 'मूरांची बराक'. १८७४ साली ती बांधली गेली ती मकावच्या पोलिसांच्या मदतीला गोव्याहून आणलेल्या पलटणीसाठी. मूर म्हणजे मुसलमान असा तिथल्यांचा समज, पण माणसं आपल्याकडची. मी त्या व्हरांड्यात बराच वेळ उभा राहिलो. १८९५ साली मोझांबिकला जायचा हुकूम आला तेव्हा गोव्यातल्या मराठा शिपायांनी बंड केलं आणि सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले, हे आपण अभिमानानं सांगतो. जे गेले नाहीत त्यांचा इतिहास झाला. जे गेले, इथे राहिले, या व्हरांड्यात बसून पावसाकडे बघत घरच्या आंबेमोहराची आठवण काढत राहिले असतील, ते कोणाच्या बखरीत नाहीत. आज तिथे बंदर खात्याची कचेरी आहे.

आणि त्याच १८७४ सालाभोवती मकावच्या जुगाराची गोष्ट फिरते.

१८४२ साली इंग्रजांना हाँगकाँग मिळालं. खोल पाण्याचं बंदर, पाठीशी इंग्रजी आरमार. मकावचा उरलासुरला व्यापार पाच-दहा वर्षांत तिकडे गेला. १८४४ साली लिस्बननं मकाव गोव्यापासून वेगळं काढलं, म्हणजे घर वाटून दिलं आणि धाकट्याच्या वाटणीला रिकामी कोठी आली. १८४६ साली आलेल्या गव्हर्नर फेरेइरा दु अमाराल याच्यापुढे प्रश्न सरळ होता : कारभार चालवायला पैसा कुठून आणायचा? त्याच्या काळात, १८४७ च्या सुमारास, जुगाराला परवाने देऊन कर घ्यायला सुरुवात झाली. अमारालचा १८४९ साली खून झाला तो इतर कारणांनी, पण ही व्यवस्था राहिली.

मकावच्या हाती पैसा देणारे आणखी दोन धंदे होते, आणि दोन्ही जुगारापेक्षा काळे. एक अफूचा. इथे इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी कान द्यावा. बंगाल-बिहारची अफू कंपनी सरकारच्या मुठीत होती, पण माळव्यातली, शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकणारी अफू तिच्या कक्षेबाहेर होती. ती पोर्तुगिजांच्या बंदरांतून, विशेषतः दमणमधून, जहाजांवर चढे आणि मकावला उतरे. मुंबईत स्थायिक झालेला रोजेरिओ द फारिया हा गोमंतकीय या व्यापारातलं मोठं नाव. आणि पणजीत जुन्या सचिवालयासमोर म्हामाय कामतांचं घर आहे ना, तिथली दप्तरं अभ्यासकांनी तपासली तेव्हा मोडी आणि पोर्तुगीज कागदांत याच अफूच्या दलालीचे व्यवहार निघाले. त्या घराच्या ओसरीवरून नदीकडे बघितलं तर आज समोर कॅसिनोच्या बोटी दिसतात. आपण समजतो की हे पाप परवा परवा बाहेरून आलं. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतलं, माळव्याच्या अफूची आडवाट बंद झाली आणि दमणबरोबर मकावचाही तो ओघ आटला.

दुसरा धंदा माणसांचा. १८५१ पासून चिनी मजुरांना करारावर, पुष्कळदा फसवून, पेरू आणि क्यूबाला पाठवण्याचं मकाव हे मुख्य बंदर झालं. जगभर बोभाटा झाल्यावर पोर्तुगालनं तो १८७४ साली बंद केला. अफू गेली, माणसं विकणं थांबलं. मग तिजोरीत उरलं काय? जुगार.

तेव्हाचा मुख्य खेळ फान-तान. इतका साधा की आपल्या जत्रेतला पट त्यापुढे गुंतागुंतीचा वाटावा. टेबलावर गुंड्यांचा ढीग, त्यावर वाटी उपडी. लोकांनी एक, दोन, तीन की चार यावर पैसे लावायचे. मग वाटी उचलून काठीनं चार चार गुंड्या बाजूला सारायच्या. शेवटी जेवढ्या उरतील तो आकडा लागला. दुसरा प्रकार तर अजबच. चीनच्या सरकारी परीक्षांत कुठल्या आडनावांची मुलं उत्तीर्ण होणार, यावर पैज! शेजारच्या ग्वांगडाँग प्रांतानं त्यावर बंदी घातली की मकावची तिजोरी भरायची. शेजाऱ्यानं बंद केलेलं दार आपण उघडं ठेवायचं, हे मकावचं भांडवल तेव्हापासूनचं. चीनमध्ये आजही कॅसिनोला बंदी आहे, फक्त मकावला मुभा. आपल्याकडेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातून शनिवारी येणाऱ्या गाड्या मोजल्या तर हेच गणित निघेल.

पुढचं भराभर सांगतो. १९३७ साली फू ताक याम आणि कोउ हो नेंग या दोघांनी जुगाराचा मक्ता घेतला. त्यांचा सेंट्रल हॉटेलातला जुगार फार गाजला. वरच्या सज्जात बसलेली माणसं टोपलीत पैसे ठेवून दोरीनं खाली टेबलावर सोडायची. बंदरात एक तरंगतं कॅसिनोही होतं; मांडवीवरच्या कल्पना नव्या नाहीत. फेब्रुवारी १९६१ मध्ये पोर्तुगालनं मकाव हा जुगाराचा कायमचा प्रदेश म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी १९ डिसेंबरला आपण मुक्त झालो. १९६२ साली स्टॅन्ले हो, हेन्री फोक, यिप हान आणि टेडी यिप यांच्या कंपनीला मक्ता मिळाला तो चाळीस वर्षांसाठी टिकला. मक्त्याच्या अटींत बंदराचा गाळ काढणं, हाँगकाँगशी वेगवान बोटी सुरू करणं, हॉटेलं बांधणं असं सगळं होतं. १९७० साली त्यांचं लिस्बोआ हॉटेल उभं राहिलं. २० डिसेंबर १९९९ ला मकाव चीनकडे गेलं, म्हणजे आपल्यानंतर बरोबर अडतीस वर्षं आणि एक दिवस. २००२ साली मक्तेदारी मोडली, अमेरिकन कंपन्या आल्या, २००६ मध्ये मकावनं उत्पन्नात वेगासच्या मुख्य रस्त्याला मागे टाकलं. २०१३ साली कॅसिनोंचं एकूण उत्पन्न ३६० अब्ज पटाकांच्या घरात होतं. वेगासच्या कित्येक पट!

दुसऱ्या दिवशी रात्री मी कोताईला गेलो. दोन बेटांमधला समुद्र बुजवून केलेली ही जमीन. २००७ साली तिथे व्हेनेशियन उघडलं. आत कालवे, त्यात होड्या, वर रंगवलेलं आभाळ. कॅसिनोत शिरायला तिकीट नाही, वय २१ पूर्ण हवं आणि फोटो काढायचे नाहीत. आत गेल्यावर पहिला धक्का शांततेचा. मला वाटलं होतं गाणी असतील, दारू असेल. पण माणसं चहा पीत, कपाळाला आठ्या घालून, बँकेच्या रांगेत उभं राहावं तशी बसलेली. बहुतेक सगळी टेबलं बाकाराची. एका टेबलावर लिहिलेली किमान बोली वाचली, ती माझ्या एका रात्रीच्या खोलीएवढी होती. आणि एक हात संपायला मिनिटही लागत नाही.

मी पत्ते वाटणाऱ्या मुलीकडे बघत राहिलो. पंचविशीची असेल. हात मात्र माझ्या भाच्यासारखेच. खेळ संपला की दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून दाखवायची, काही लपवलं नाही म्हणून. घरी जेवून उठताना तोही नकळत तसंच करतो नि त्याची आई मान वळवते. मकावमध्ये पत्ते वाटायचं काम फक्त तिथल्या रहिवाशांना द्यायचं असं धोरण आहे. चांगला पगार मिळतो म्हणून मुलं शिक्षण सोडून टेबलावर येतात, अशी तिथल्या पालकांची जुनी तक्रार आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून कॅसिनोत काम करणाऱ्यांना कामाची वेळ सोडून आत पाऊल टाकायला मनाई झाली, कारण कर्जात बुडणाऱ्यांत हेच लोक फार दिसू लागले. सरकारी नोकरांना तर पूर्वीपासूनच बंदी. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांनी कॅसिनोत खेळू नये असा नियम झाला. जुगाऱ्यांच्या गावातसुद्धा घरच्या माणसाला त्यापासून दूर ठेवायचं, ही अक्कल दोघांनाही सुचली. पण उशिरा. माझ्या एका वर्गमित्राचं गॅरेज तोवर गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती गहाणवटीची पेढी पाहिली. आल्मेदा रिबेइरो या मुख्य रस्त्यावर 'ताक सेंग ऑन' नावाची ही पेढी १९१७ साली निघाली. काढली तीही, पुढे जुगाराचा मक्ता घेणाऱ्या कोउ हो नेंगनंच. म्हणजे हरवणाराही तोच आणि हरलेल्याला उसने देणाराही तोच! पेढी १९९३ साली बंद पडली, आता सरकारनं तिचं संग्रहालय केलंय. मागे माल ठेवायचा बुरुजासारखा उंच मनोरा. पुढे गल्ला माणसाच्या डोक्याहून उंच, म्हणजे वस्तू देताना हात वर करावाच लागावा. आणि दारातून आत शिरल्या शिरल्या एक मोठा लाकडी आडोसा. तो का? तर रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोण उभं आहे ते दिसू नये. शरमेसाठी केलेलं सुतारकाम!

तीनशे वर्षांचा इतिहास, पण मला सगळ्यात जास्त कळलं ते या फळीपाशी. आमच्याही घरात तशी एक फळी आहे. चतुर्थीच्या पंगतीत भाच्याला कोणी काही विचारत नाही, ती हीच फळी. फरक एवढाच की पेढीतली फळी हरलेल्याची लाज झाकायची, आणि आम्ही मात्र राबणाऱ्यालाच तिच्याआड उभं केलंय. खाणी बंद पडल्या त्यात त्याचा दोष नव्हता. १९७६ चा जुगारबंदीचा कायदा १९९२ आणि १९९६ साली शिथिल करून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणि मग बोटींवर टेबलं आणणाऱ्यांत तो नव्हता, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मांडवीतून बोटी हलवायच्या तारखा सरकारं देत गेली आणि पुढे ढकलत गेली, त्यातही तो नव्हता.

म्हणून मी बोटींच्या बाजूचा झालो असं नाही. मकाव पाहून माझी भीती वाढलीच आहे. तिथे जुगार आला तो बंदर बुडाल्यावर, तात्पुरता आधार म्हणून. तात्पुरता पावणेदोनशे वर्षं झाला. आज कॅसिनोंच्या उत्पन्नातले सुमारे चाळीस टक्के सरकार घेतं आणि २००८ पासून रहिवाशांना दर वर्षी रोख रक्कम वाटतं. हे ऐकायला छान. पण २०२० साली कोरोनात सीमा बंद झाली, उत्पन्न साठ अब्जांवर आलं आणि त्या श्रीमंत शहराला कळलं की आपल्याकडे दुसरं काहीच नाही. आपल्याकडे अजून आहे. भात आहे, काजू आहे, दर्या आहे, पर्यटक कॅसिनोशिवायही येतात. तो दुसरा पाय शाबूत असतानाच जपायला हवा, इतकंच मकाव सांगतं. बोटींवर किती गोंयकार मुलं कामाला आहेत आणि बोटी गेल्या तर ती कुठे जाणार, याचं उत्तर मेणबत्त्या लावताना आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

चौथ्या रकान्यातले शंभर पटाका शेवटी मी जेवणावर घातले. मकावच्या पोर्तुगीज-चिनी घरांतला एक जिन्नस आहे, 'बालिशांव', कोळंबीचं तिखट-आंबट कालवण घालायचा मसाला. आपलं बाल्शांव! आणि शेवटी 'बेबिंका'. आपल्यासारखी सात थरांची नव्हे, दुधाची, मऊ. नाव तेच. खाताना वाटलं, कधीतरी एखाद्या खलाशाच्या बायकोनं, किंवा त्या पिवळ्या बराकीतल्या एखाद्या शिपायानं हे नाव इकडून तिकडे नेलं असेल, की तिकडून इकडे आणलं?

परत आल्यावर वही भाच्यापुढे ठेवली. त्यानं चौथा रकाना वाचला. "मामा, तूं जिखलो," तो म्हणाला. मग मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, तुझ्या टेबलावर रात्रभर नेमकं काय चालतं ते सांग. तो दोन तास बोलत होता. माझी बहीण आत पोळ्या लाटता लाटता थांबून ऐकत होती.

तुम्हालाही जायचं असेल तर मंगळवार ते शुक्रवार जा, खोली जुन्या भागात घ्या, पटाका बदलून घ्या आणि चपला चांगल्या घाला. व्हिसाचे नियम निघण्याआधी तपासा, ते बदलतात. खर्च फार येत नाही.